वाघजाईच्या अलीकडे

"काळाच," नूरुमिस्त्री म्हणाला आणि इंजिनातून काढून फडक्यात धरलेला प्लग त्याने माझ्या चष्म्यासमोर आणला. "लिहा भाऊसाहेब. सातवी फेरी. काळाच."

मी वहीत लिहिलं. आधीच्या सहा फेऱ्यांपुढेही मी हाच शब्द लिहिला होता. प्लगच्या टोकावर मऊ, कोरडी काजळी धरली होती, तव्याच्या बुडाला धरते तशी. मिस्त्रीने ती बोटावर घेतली, अंगठ्याने चोळली आणि पायजम्याला पुसली.

"अजून पेट्रोल जास्तच खातीये," तो म्हणाला.

गाडीच्या पलीकडे किसन पार्टे रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मिस्त्री, गाडी उपाशी हाय."

"तोंड बघ हिचं. उपाशी माणसाच्या तोंडाला खरकटं असतं का?"

"तोंडाचं मला म्हाईत न्हाई. माझ्या पायाला कळतंय. मी पाय दाबतोय, ती मागतीये, आन् तुम्ही देत न्हाई."

मिस्त्री हसला. मिस्त्री हसला म्हणून मीही हसलो.

एकोणीसशे एकोणसत्तरचा तो मार्च महिना. आमचं माळेघर घाटमाथ्यावर, चार हजार फुटांवर. मी तिथल्या नगरपालिकेच्या वाचनालयात कारकून होतो, सत्तावीस वर्षांचा. माणसांशी बोलायची वेळ आली की पुस्तकांच्या कपाटाआड जाणारा. नगरपालिकेने लष्कराच्या लिलावातून पेट्रोलवर चालणारा एक जुना ट्रक घेतला होता आणि त्याच्यावर सहाशे गॅलनची टाकी चढवून आगीचा बंब केला होता. उन्हाळ्यात माथ्यावरचे तलाव आटत. मग बंबाने खाली चिंचवलीच्या नदीवर जाऊन पाणी भरायचं आणि नऊ मैलांचा घाट चढून वर यायचं. मूळच्या इंजिनावर भरल्या टाकीनिशी बंब घाट चढेना. म्हणून चिंचवलीच्या नूरमहंमद मुलाण्याने, म्हणजे आमच्या नूरुमिस्त्रीने, त्याचं हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, घासून बसकं केलं, दुसऱ्या एका मोठ्या गाडीचा कार्बोरेटर आणून बसवला आणि ताकद दीडपट केली. फक्त त्या नव्या जोडणीला हवेत पेट्रोल किती मिसळायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते करून बघूनच ठरवायचं होतं.

मी यात आलो तो एका पुस्तकामुळे. लिलावात ट्रकबरोबर इंजिनाचं इंग्रजी पुस्तकही मिळालं होतं. मुख्याधिकारी सबनीस यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की मिस्त्रीला वाचून दाखवा, फेऱ्यांची नोंद ठेवा, आणि पंधरा एप्रिलला समितीपुढे चाचणी आहे. भरल्या टाकीनिशी अर्ध्या तासात घाट चढला तर बंब ठेवायचा, नाहीतर विकून टाकायचा.

बंब राहिला तर त्याच्यावर कायम ड्रायव्हर लागणार होता. किसन पाच वर्षं रोजंदारीवर होता. कायम झालेल्या ड्रायव्हरला बंबाच्या शेडमागची दोन खोल्यांची जागा मिळे. किसनची बायको सरसा आणि दोन मुली चिंचवलीला सासरच्या घरात चुलत्यांच्या गर्दीत राहत होत्या आणि तो वर शेडमध्ये गाडीच्या शेजारी झोपत होता. त्या रिकाम्या खोल्यांना त्याने आपल्या हाताने चुना लावून ठेवला होता. कुणी विचारलं तर सांगायचा, ओल येती म्हणून लावला.

आमची फेरी ठरलेली होती. नदीवर टाकी भरायची. किसन स्टिअरिंगवर, मध्ये मी वही घेऊन, दाराशी मिस्त्री. मला घाट लागायचा. किसन मला लिंबू हुंगायला द्यायचा आणि विचारायचा, भाऊसाहेब, डोळे मिटून वळणं मोजताय व्हय? माथ्याच्या शेवटच्या वळणावर वाघजाईचं देऊळ. तिथे सगळ्याच गाड्या थांबत, आमचीही थांबे. इंजिन बंद करायचं नाही, बंद गाडी देवीला दाखवायची नाही, हा त्या घाटाचा रिवाज. किसन उतरून उदबत्ती लावी, नारळ फोडी, बॉनेटला कुंकवाचं बोट लावी. मिस्त्री उतरून टोपी सारखी करून उभा राही. मीही नमस्कार करी. मग शंभर पावलं पुढे, सपाटीवर पाण्याच्या टाक्याजवळ, गाडी बंद करायची आणि मिस्त्रीने प्लग काढायचा.

पुस्तकात लिहिलं होतं की प्लग काळा निघाला तर पेट्रोल जास्त होतंय आणि पांढरा निघाला तर कमी. शिवाय उंचावर हवा विरळ असते, म्हणून तिथे पेट्रोल कमीच लागतं. मिस्त्रीला हे पटलं होतं. तो दर फेरीनंतर कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे ज्या बारीक भोकातून पेट्रोल येतं तो पितळी तुकडा, कथिलाचा डाख लावून बुजवायचा आणि सुईने पहिल्यापेक्षा बारीक भोक पाडायचा. पुढच्या फेरीला प्लग पुन्हा काळा. गाडीचं मात्र बिनसत चाललं होतं. चढावर इंजिन खडखडायचं, कार्बोरेटर मधेच शिंकायचा, रेडिएटर उकळायचा. किसन आपलं एकच पालुपद धरून होता आणि मिस्त्री त्याला प्लग दाखवत होता. वहीत माझ्या बऱ्यापैकी अक्षरात अकरा वेळा 'काळा' झाला.

पंधरा तारखेला समिती दोन मोटारींतून आमच्या मागे निघाली. सातव्या मैलाच्या चढाला इंजिनातून दगडावर घण पडल्यासारखा आवाज आला, निळा धूर निघाला आणि बंब थांबला. मिस्त्रीने तिथल्या तिथे हेड खोललं. चौथ्या पिस्टनच्या माथ्याला आरपार भोक होतं, बोट जाईल एवढं, कडा मेणबत्तीसारख्या वितळलेल्या.

सबनीसांनी तिथेच रस्त्यावर उभ्याने चौकशी केली. पिस्टन असा कशाने जळतो, असं त्यांनी विचारलं. मिस्त्रीने खरं ते सांगितलं. पेट्रोल कमी पडलं तर आत उष्णता वाढून जळतो, नाहीतर ड्रायव्हरने वरच्या गिअरमध्ये गाडी ताणली तर जळतो. मग पेट्रोल कमी होतं का? मिस्त्रीने माझ्याकडे बोट केलं. मी वही पुढे केली. अकरा वेळा काळा.

"म्हणजे पेट्रोल जास्तच होतं," सबनीस म्हणाले आणि किसनकडे वळले. "कुठल्या गिअरमध्ये होतास?"

"दुसऱ्या, साहेब. ताणली न्हाई मी."

"मग पिस्टन आपोआप जळला?"

किसनने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री इंजिनात बघत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वही मिटून चष्मा पुसायला घेतला.

अहवाल मीच लिहिला, कारण नोंदी माझ्याकडे होत्या. सबनीसांनी सांगितलेलं वाक्य मी जसंच्या तसं घातलं, 'चालकाच्या हयगयीमुळे इंजिनाचे नुकसान.' मिस्त्रीकडे त्याच मापाचा एक पिस्टन शिल्लक होता, म्हणून समितीने तीन आठवड्यांची मुदत दिली. किसनला तूर्त गाडीवर ठेवलं, कारण त्या घाटात तो बंब चालवणारा दुसरा कुणी नव्हता.

त्या रविवारी मी पुस्तक पुन्हा उघडलं. का उघडलं, ते नीट सांगता येणार नाही. आपलं काहीतरी चुकलं असणार, ही मला सवयीने येणारी शंका होती आणि ती बहुतेक वेळा खोटी ठरे. प्लगच्या प्रकरणात पहिल्या दोन ओळी मी मिस्त्रीला वाचून दाखवल्या होत्या, त्या तिथे होत्या. त्यांच्याखाली तिसरी होती. गाडी पूर्ण भाराने चढत असताना, पाय तसाच दाबलेला ठेवून इंजिन बंद करावे आणि प्लग तिथेच काढावा. गाडी थोडा वेळ नुसती उभी चालू राहिली, तर तेवढ्यात प्लगवर काजळी धरते आणि तिच्यावरून चढावरच्या मिश्रणाविषयी काहीही सांगता येत नाही.

खाली बारीक अक्षरात होतं की मोठा जेट उभ्या गाडीला पेट्रोल देतच नाही. ते दुसऱ्या वाटेने येतं.

मी बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसलो. वाघजाईपुढे उदबत्ती लागून नारळ फुटेपर्यंत तीन-चार मिनिटं जात. आम्ही घाटाचा प्लग कधी पाहिलाच नव्हता. अकरा वेळा पाहिला तो देवीपुढे उभ्या असलेल्या गाडीचा. मिस्त्रीने जेट कितीही बारीक केला असता तरी प्लग काळाच निघणार होता.

ही ओळ माझ्या नजरेतून सुटली नव्हती, हेही सांगायला हवं. त्या दिवशी शेडमध्ये मी वाचत असताना मिस्त्री दोन ओळींनंतर म्हणाला होता, कळलं, पुढे चला. माझी नजर तिसऱ्या ओळीवर होती. मला वाटलं, तीस वर्षं इंजिनं खोलणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल का? त्याला आपण काय शिकवायचं? आणि मी पान उलटलं.

तीन दिवस मी ते पुस्तक पिशवीत घालून शेडपर्यंत नेलं आणि तसंच परत आणलं. चौथ्या दिवशी दुपारी मिस्त्री एकटा नवा पिस्टन बसवत होता. मी पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं, ते इंग्रजी आहे हे विसरून. मग वाचून दाखवलं. तिसरी ओळ दोनदा वाचली.

मिस्त्रीने हात पुसले आणि पेट्रोलच्या डब्यावर बसला.

"हे तेव्हा का नाही वाचलं?"

"तुम्ही म्हणालात, कळलं, पुढे चला."

बोलून गेल्यावर मला लाज वाटली. मिस्त्रीने मात्र मान हलवली.

"म्हणालो खरा. कळलं-बिळलं काही नव्हतं भाऊसाहेब. इंग्रजी ऐकत बसायचा कंटाळा आला होता." मग तो म्हणाला, "म्हणजे किसनने नाही जाळला पिस्टन."

"नाही."

"आपण जाळला. तुम्ही आणि मी."

मिस्त्री उठला, पुन्हा इंजिनावर वाकला आणि तिथूनच म्हणाला की आधी गाडी नीट करू, मग काय ते बघू.

किसनला सांगायचं काम मिस्त्रीने माझ्यावर टाकलं. पुस्तक तुमचं, तुम्ही सांगा. मी नदीवर टाकी भरताना सांगितलं, अडखळत, अर्धं पुस्तकी भाषेत. वाघजाईच्या अलीकडे, शेवटच्या चढाला, पाय दाबलेला असतानाच गाडी बंद करायची. किसनने सगळं ऐकून घेतलं. पिस्टनबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच होतं.

"तिच्या दाराशी जाऊन गाडी बंद पाडायची?"

"दाराच्या अलीकडे. शंभर फूट अलीकडे."

"तितून ती बघती की." मग म्हणाला, "आन् चढ केवढा हाय? मागं सहाशे गॅलन पाणी. ब्रेक न्हाई धरला तर तुमची वही दरीत सापडंल."

मी म्हटलं, मी तुझ्या शेजारीच बसतो. याने काय होणार होतं ते मला माहीत नाही. किसनला हसू आलं. तो नळी टाकून नदीच्या कडेला गेला, घाटमाथ्याकडे तोंड करून हात जोडले आणि बराच वेळ पुटपुटत उभा राहिला. परत येऊन म्हणाला, "सांगितलं तिला. आजचा एक दिवस. उद्यापास्नं न्हाई."

म्हणून जे काही करायचं ते त्या एका दिवसात केलं. शेवटच्या चढावर मिस्त्रीने हात वर केला, किसनने एकदम किल्ली फिरवली, क्लच आणि ब्रेक दाबले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्या ठिकाणी पाखरांचा आवाज ऐकू आला. बंब हातभर मागे सरकला. मिस्त्रीने उडी टाकून चाकामागे दगड लावला.

त्याने प्लग काढला आणि माझ्यापुढे धरला. तो चुन्यासारखा पांढरा होता. टोकाला बारीक, चकाकणारे कण चिकटले होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पिस्टन," मिस्त्री म्हणाला. "दुसरा. हाही जळायला निघाला होता."

तिथेच रस्त्याच्या कडेला बसून त्याने जेटचं भोक सुईने मोठं केलं. बंब मागे घेऊन पुन्हा तो चढ चढवला, पुन्हा बंद केला. प्लग पांढराच, पण कण नव्हते. आणखी मोठं केलं. चौथ्या वेळेला निघालेला प्लग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाचा होता. मिस्त्रीने तो उन्हात धरला, फिरवून फिरवून पाहिला आणि किसनच्या हातात दिला. किसनने बघितला, परत केला आणि एवढंच म्हणाला की मला बघायची गरज न्हाई, माझ्या पायाला कळलं.

सहा मेच्या चाचणीत बंब सव्वीस मिनिटांत वर आला. त्यातली तीन वाघजाईपुढे गेली. मोटारीतून उतरून सबनीसांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं आणि किसनला विचारलं, वर मधेच का थांबला होतास? किसनने सांगितलं, देवीला. सबनीसांनी घड्याळाकडे पाहिलं. ते बाहेरगावचे, कडक, पण सरळ मनाचे होते. मला बाजूला घेऊन म्हणाले की आज चाचणी होती म्हणून ठीक, पण आगीच्या गाडीने वाटेत थांबणं बरं नव्हे, याचा एकदा विचार करावा लागेल.

बंब राहिला. कायम नेमणुकीचा विषय निघाला तेव्हा सबनीसांनी फाइल उघडली आणि माझ्या अक्षरातली ती ओळ त्यांना दिसली. हयगयीचा शेरा असलेल्या माणसाची शिफारस करता येत नाही, काही वर्षं निर्मळ जाऊ देत, असं त्यांनी सांगितलं. खोल्यांना कुलूप लागलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी एक कागद लिहिला. पहिल्या चाचणीत पिस्टन जळाला तो चालकामुळे नव्हे. प्लगची तपासणी चुकीच्या ठिकाणी होत होती, गाडी देवळापुढे चालू ठेवून उभी राहिल्यानंतर. त्याविषयीची सूचना पुस्तकात होती आणि ती मी वाचून दाखवली नाही. खाली सही केली. तो कागद सरळ सबनीसांच्या टेबलावर ठेवायचा होता. कचेरी शेडच्या आधी लागते. मी कचेरीवरून पुढे गेलो आणि शेडमध्ये आलो. म्हटलं, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याने आधी ऐकावं.

किसन पुढचं चाक बसवत होता. मी कागद वाचून दाखवला. त्याने पुन्हा वाचायला लावला.

"ह्यात वाघजाई घालायलाच पायजे का?"

"तिच्याशिवाय कारण सांगता येत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या."

"किसन, तुझ्या खोल्या—"

"ऐका भाऊसाहेब. सायबाच्या मनात हायेच. ह्ये वाचलं की लेखी हुकूम निघंल, बंब तितं थांबवायचा न्हाई. वाघजाईमुळं इंजिन गेलं, असं कागदावर झालं. उद्या त्या वळणाला काय झालं, तर स्टिअरिंगवर मी असणार. तुम्ही न्हाई."

मी म्हटलं, पण खोटा शेरा तुझ्या नावावर राहतोय.

"ऱ्हातोय खरा," तो म्हणाला. "मला ठाऊक हाय मी ताणली न्हाई. मिस्त्रीला ठाऊक हाय. तुम्हाला ठाऊक हाय. तिलाबी ठाऊक हाय. बास झालं."

किसन कायम झाला तो आठ वर्षांनी, सबनीसांनंतरच्या तिसऱ्या मुख्याधिकाऱ्याच्या काळात. तोवर थोरली मुलगी चिंचवलीतूनच सासरी गेली होती. सरसा वर राहायला आली, त्याच पावसाळ्यात तिला दम्याने धरलं आणि वरची हवा सोसत नाही म्हणून ती दोन महिन्यांत परत खाली गेली. किसन त्या खोल्यांत एकटाच राहिला. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या निरोप समारंभाला तो शेवटच्या रांगेत येऊन बसला होता. निघताना त्याने मला नमस्कार केला. त्या कागदाबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही.

मिस्त्रीने एकदा विचारलं होतं, तो शेरा काढायचं राहिलं का? मी सांगितलं, किसनच नको म्हणाला. ते खरंच आहे. त्याने नको म्हटलं आणि कारणही दिलं, आणि ते कारण खोटं नव्हतं. पुढे ज्याने ज्याने विचारलं त्याला मी एवढंच सांगत आलो.

त्या सकाळी शेडमध्ये पुढे जे झालं ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. "बास झालं" म्हटल्यावरही किसनने पान्हा उचलला नाही. मी कागदाची घडी घातली. एकदा, मग आणखी एकदा. तो माझ्या हातांकडे बघत होता. मी घडी सदऱ्याच्या खिशात सरकवली आणि वरून हात फिरवून खिसा सारखा केला. तोपर्यंत तो बघत राहिला. मग त्याने मान खाली घातली आणि चाकाचे नट आवळायला घेतले.